भाऊजींचा बाळंतपणाचा क्लास

आमच्या भाऊजींइतकी मन लावून बाळंतपणाची तयारी केलेला माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि ज्यांना खरोखर बाळंत व्हायचं होतं त्या बायकाही मी यात धरते आहे! भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या ताईचे यजमान. एसटीत कंडक्टर. आवाज असा, की धनजच्या थांब्यावर त्यांनी हाळी दिली तर शेतातली माणसं धावत सुटावीत.

ताईला दिवस गेले तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, फक्त तिलाच धडकी भरली. शेजारच्या काकू, चुलतसासू, दूधवाली, जी बाई येई ती आपल्या बाळंतपणाची कहाणी सांगे, आणि प्रत्येकीची कहाणी आधीच्या कहाणीपेक्षा भयंकर! "मी काई याच्यातून वाचत नाई," ताई मला फोनवर रडत सांगायची. तेवढ्यात भाऊजींना कुणीतरी सांगितलं, की कारंज्यात एक निवृत्त सिस्टर दर गुरुवारी दुपारी आपल्या घरच्या हॉलमध्ये गरोदर बायकांचा क्लास घेतात. भाऊजींनी सुट्टीचा वार बदलून घेतला आणि ताईला तिथे नेलं. ताईने दारात त्यांचा हात घट्ट धरला. म्हणून ते पाच मिनिटं आत बसले, आणि मग चार महिने उठलेच नाहीत.

अकरा गरोदर बायका आणि मध्ये एक मिशीवाला बाप्या! कळ आली की चार मोजत श्वास आत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, असं सिस्टरांनी दाखवलं, तर भाऊजींनी इतक्या जोरात श्वास सोडला की छपरावरची कबुतरं उडाली. सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, बाळंत तुमाले व्हाचं नाई." "हो मॅडम, पन घरी तिले आठवन कोन देईन?" पाणी गेलं तर किती वेळात निघायचं, खऱ्या कळा कशा ओळखायच्या, काही म्हणजे काही विचारायला त्यांना लाज वाटत नसे. शेवटी लाजणाऱ्या बायका क्लासला लवकर येऊन ताईच्या कानात कुजबुजू लागल्या, "तुमच्या मालकाले एवढं इचाराले सांगा ना!"

घरी तर कहरच. दुधी भोपळ्याला आंघोळ घालून, दुपट्यात गुंडाळून, खांद्यावर थोपटत ते घरभर फिरायचे. शिरपूरच्या गाडीत खिडकीवरून दोघं भांडायला लागले, तर तिकिटं बाजूला ठेवून त्यांनी दोघांनाही चार मोजून श्वास घ्यायला लावला! काकू नवी कहाणी घेऊन आल्या की दारातच अडवायचे. "काकू, चहा घ्या, नाश्ता घ्या, पन डिलिवरी सांगाची नाई."

हसून हसून आमची पोटं दुखायची. पण ताई रात्रभर झोपायला लागली होती. एकदा मी विचारलं, "भेव गेलं का गं?" ती म्हणाली, "गेलं नाई. पन आता कायचं भेव हाये, ते मले मालूम हाये."

बाळंतपणासाठी मी ताईकडे येऊन राहिले होते, तेव्हाच एका सकाळी कळा सुरू झाल्या. भाऊजींनी घड्याळ लावून अंतर मोजलं, महिनाभर आधीच भरलेली पिशवी उचलली आणि आम्ही दवाखान्यात पोचलो. आत एकाच बाईला सोडत होते, म्हणून मी गेले. दुपारपर्यंत कळा वाढत गेल्या. एका कळेला ताईने माझं मनगट धरलं, तिचे डोळे फिरल्यासारखे झाले. "नाई होत माह्याच्यानं!" ती ओरडली. मी क्लासला कधी गेले नव्हते, मला काही सुचेना. आणि बंद दाराबाहेरून तो आवाज आला, "आत! एक, दोन, तीन, चार! सोड! एक, दोन..." ताईने डोळे मिटले आणि श्वास घेतला. पलीकडच्या खाटेवरच्या बाईनेही घेतला. नर्सबाई हसू दाबत म्हणाल्या, "बोलू द्या त्याहीले." दीड तास तो आवाज थांबला नाही. मग एक नवाच आवाज आला, अगदी बारीक, पण बापावर गेलेला!

मी पळत बाहेर आले. "भाऊजी, पोरगी! दोघी बेस हायेत!"

ते भिंतीला टेकून खाली बसले. इतका वेळ गाजणारा घसा पार बसला होता. "दोघी?" त्यांनी विचारलं. मी परत सांगितलं. त्यांनी परत विचारलं. मग हळूच म्हणाले, "मी सहा वर्साचा होतो. मायले बैलगाडीत नेलं. मले कोनीच काई सांगे ना. माही इवलीशी बहीन घरी आली, माय नाई आली."

ती बहीण, माझ्या ताईची नणंद, तेवढ्यात धनजहून डबा घेऊन जिना चढत होती. नर्सबाईंनी बाळ बाहेर आणलं आणि बापापुढे धरलं. भाऊजींनी ते सिस्टरांनी शिकवल्यासारखं, मानेखाली हात देऊन घेतलं, क्षणभर पाहिलं, आणि बहिणीकडे वळले.

"डबा ठेव खाली," ते म्हणाले. "पह्यले तू घे."