जिच्यासाठी हळदीकुंकू

माहेरी देवासला चार दिवस काय गेले, आमच्या महिला मंडळानं तेवढ्यात घोळ घालून ठेवला. परत आले तर दारात निमंत्रणपत्रिका पडलेली. मंडळाच्या हॉलमध्ये चैत्रातलं हळदीकुंकू आणि त्याच समारंभात पोलीस कुटुंबांना मदतनिधीचं वाटप. सर्व सुवासिनींनी अगत्य यावे! मी ती पत्रिका दोनदा वाचली आणि यांना म्हटलं, "कपाळ माझं! या बायकांना कळत नाही, की कळून घ्यायचंच नाही?"

हे पेपर वाचून राहिले होते. "आता काय झालं?"

"जिचा नवरा गेला म्हणून आपण दारोदार फिरलो, तिला मदत कुठे देणार, तर हळदीकुंकवात. अहो, विधवेला! हळदीकुंकवात!"

"हां, ते जरा गडबडच झालं," म्हणाले आणि पान उलटलं. यांच्याकडून याहून जास्त अपेक्षा मी कधीच सोडली होती.

नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. राजधानी भोपाळला गेली याचा राग इंदुरात अजून ताजा होता. अशात तिकडे दूर पूर्वेच्या जंगलात लोकांनी उठाव केला आणि इथल्या पोलीस लाइनीतली एक तुकडी तिकडे धाडली गेली. कोण बरोबर, कोण चूक, यावर तुकोगंजातल्या पानाच्या दुकानांवर रोज भांडणं व्हायची. तिकडचीही माणसं मेलीच असतील, त्यांच्या बायकांचं कोण विचारतंय, असं मी एकदा बैठकीत म्हटलं तर सगळ्या माझ्याकडे बघतच राहिल्या. असो. आमच्या लाइनीतले काही शिपाई जखमी होऊन परतले. एक परतला नाही.

त्याची बायको आमच्या घरामागेच, लाइनीतल्या क्वार्टरमध्ये राहायची. मी शाळेत मास्तरीण, म्हणून मला "बाई" म्हणायची. लग्नाआधी चांगली शिकलेली, अक्षर मोत्यासारखं, तोंडात मात्र शब्द नाही. मोठ्या हॉस्पिटलात नर्सचं शिक्षण देतात, तिथे हिला घ्यावं म्हणून मी मेट्रनबाईंकडे इतक्या खेपा घातल्या की शेवटी त्याच म्हणाल्या, "घेते बाई, पण आता येऊ नका." जागा मिळाली. फी आणि वसतिगृहाचा खर्च तेवढा भरायचा होता. तो निधीतून निघणार होता. इतकं सरळ होतं हो सगळं!

आडवा आला तो सासरा. महूच्या पलीकडे त्याचं थोडं शेत. माणूस दुष्ट नव्हता, पण तरण्या सुनेनं शहरात एकटीनं राहायचं हे त्याच्या डोक्यात शिरेना. तो तिला न्यायलाच आला होता. "बाई," ती मला म्हणाली, "पैसे मामंजींच्या हातात गेले ना, की संपलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी गावी."

म्हणून मी तरातरा अध्यक्षीणबाईंकडे गेले. त्या जुन्या दरबारी घराण्यातल्या. बसायला सांगतानासुद्धा कोणत्या खुर्चीवर ते हातानं दाखवायच्या. निधी गोळा करतानाही हाच तमाशा. ज्या घरी जावं तिथे आधी यांचे आजोबा रिसाल्यात होते, त्यांचे पणजोबा महाराजांच्या खासगी कारभारात होते, हे सगळं ऐकायचं. चहा दोनदा व्हायचा. मग कुठे पाकिटाला हात. तीन बैठका तर पाहुण्यांशेजारी कोणी बसायचं यातच गेल्या. माझ्या नाकीनऊ आले होते.

"अहो, त्या मुलीला हळदीकुंकवाला कसं बोलावता?" मी विचारलं.

"तिला कुठे बोलावलंय?" बाई शांतपणे म्हणाल्या. "तिच्यासाठी आहे."



"मग पैसे?"

"सासरे आलेत ना तिचे. ते घेतील. घरचं वडीलधारं माणूस आहे. व्हरांड्यात खुर्ची टाकू त्यांच्यासाठी."

बघा म्हणजे! हळदीकुंकवात पुरुषाला खुर्ची, आणि जिच्या नावानं सगळा खटाटोप ती कुठेच नाही. मी म्हटलं, समारंभ उद्या आहे, पैसे आजच घरी नेऊन देऊ तिला. तर म्हणाल्या, मोठ्या पोलीस साहेबांच्या पत्नी येणार आहेत, कार्यक्रमात मुख्य वाटपच नको का? मी म्हटलं, मग हळदीकुंकू तरी रद्द करा. तर म्हणाल्या, चार पायल्या डाळ भिजत घातली आहे. डाळ भिजली म्हणून एका बाईचा जन्म भिजत घालायचा! मी तिथून उठले ती चप्पल घालायची विसरूनच फाटकापर्यंत आले आणि परत जावं लागलं. तेवढी फजिती बाकी होती.

मुलीला मी सांगून ठेवलं, "काही झालं तरी तू यायचं. पुढे बसायचं."

"येईन बाई," ती म्हणाली.

आली. दुपारीच आली. मी पोचले तर कुठे? आत स्वयंपाकघरात, पाटावर बसून कैऱ्या किसत होती! कोणी सांगितलं नव्हतं तिला. आपणहून मागच्या दारानं आत गेली होती. कोणीतरी पुढ्यात किसणी ठेवली, मग वाटलेल्या डाळीची परात ठेवली. बाहेर चल म्हटलं, तर एवढं उरकते आणि येते म्हणाली. अस्सा संताप आला मला! तिच्यावर जास्त की बाकीच्यांवर, ते अजून ठरवता येत नाही.

हॉलमध्ये एकीकडे आमच्या बायका, ठुशा आणि नथी घालून. दुसरीकडे सतरंजीवर पोलीस लाइनीतल्या बायका, डोक्यावरून पदर घेतलेल्या. अध्यक्षीणबाई हातात करंडा घेऊन एकेकीला हळदीकुंकू लावत होत्या. डाळ आणि पन्हं फिरत होतं. जखमी शिपायांच्या बायकांना साहेबांच्या पत्नींनी पाकिटं दिली. मग अध्यक्षीणबाईंनी जाहीर केलं, "गेलेल्या शिपायाच्या घरून, वो उनके पिताजी लेंगे." सासरा व्हरांड्यातून उठला.

तेवढ्यात सतरंजीवरून एका हवालदाराची बायको, चांगली धिप्पाड, बसल्या जागेवरून म्हणाली, "और वो किधर है? जिसका आदमी गया?"

"वो अंदर है," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "जरा काम में है."

"काम में? उसी के नाम का पैसा, और उसी से काम करवा रहे हो, बाईजी?"

साहेबांच्या पत्नी पन्ह्याच्या पेल्याकडे बघत बसल्या. मी म्हटलं, "मी आणते तिला," आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत स्वयंपाकघरात शिरले.

"चल ऊठ."

"बाई, नको ना. सगळ्या सुवासिनी बसल्यात. अपशकुन म्हणतील."

"म्हणू देत! उद्या सकाळची गाडी पकडायची आहे का तुला? नाही ना? मग ऊठ म्हणते!"

ती उठली. हात मनगटापर्यंत डाळीनं माखलेले. धुवायलासुद्धा थांबली नाही, तशीच माझ्यामागे बाहेर आली. आमच्या बायकांनी पदर सावरले. समोर अध्यक्षीणबाई, एका हातात पाकीट, दुसऱ्यात करंडा. इतक्या बायका पुढ्यात येऊन गेल्या होत्या की सवयीनं त्यांचा करंड्याचा हात थोडा वर आला, आणि तिथेच थांबला. मला तर बघवेना.

सासरा पुढे झाला. "हात भरलेत तुझे," तो म्हणाला. आवाजात जरब नव्हती, उलट मायाच होती. "आण इकडे, मी धरतो."

तिनं मान खाली घालूनच दोन्ही हात पदराला पुसले. नीट, एकेक बोट पुसलं.

"राहू द्या, मामंजी," ती म्हणाली. "मी धरते."

आणि तिनं पाकीट घेतलं. सासरा जरा वेळ हात तसाच पुढे धरून उभा राहिला, मग व्हरांड्यात जाऊन त्यानं आपली टोपी उचलली. हवालदाराच्या बायकोनं सतरंजीवर सरकून जागा केली. "इधर बैठ," म्हणाली. ती बसली.

अध्यक्षीणबाईंनी करंडा खाली ठेवला. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. मीही तयारच होते, चार शब्द तोंडात आणून ठेवले होते. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. तिच्या पदरावरच्या पिवळ्या बोटांकडे बघत होत्या.

"दुपारपासून आत आहे ना ही?" त्यांनी हळूच विचारलं. "हिला डाळ दिली का गं कोणी?"

कोणीच दिली नव्हती.