सरळ केलेली प्लेट

कारखान्यात तिला सगळे सरळमावशी म्हणत. तिथे तांब्याचे आणि निकेलचे पत्रे एकमेकांवर दाबून भट्टीत घालायचे. तापून दोन्ही एकजीव झाले की टाकीच्या झाकणाची प्लेट तयार व्हायची. ती वाकडी निघाली की यायची मावशीच्या टेबलावर. लाकडी हातोडा, डोळ्यांचा अंदाज आणि तोंडाची टकळी, एवढ्यावर मावशी ती सपाट करायची आणि कोपऱ्यात खडूने आपली खात्रीची फुली मारायची. "नवरा मेला तेवढा सरळ झाला नाही," असं म्हणून स्वतःच खो खो हसायची.

मग भट्टीवर सून आली. शिकलेली, मोजकं बोलणारी. एके दिवशी सकाळी तिने सासूला चारचौघांत सांगितलं, "आई, कालच्या प्लेटा ठोकू नका. भट्टी जरुरीपेक्षा जास्त वेळ तापली. अशा वेळी तांब्याचे अणू निकेलमध्ये धावत सुटतात आणि निकेलचे मात्र रमतगमत इकडे येतात. त्यामुळे तांबं आकसतं, निकेल फुगतं, प्लेट वाकते. शिवाय तांब्यात बारीक पोकळ्या राहतात. वाकडी निघेल ती मला आधी कापून बघू द्या."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. काल आली आणि मला शहाणपण शिकवते! सुनेची पाठ वळताच तिने सगळ्यात वाकडी प्लेट उचलली आणि ठोकायला घेतली. तांब्याच्या बाजूने नेहमीचा खणखणीत आवाज आलाच नाही. बद्द, बद्द. तिला ते ऐकू आलं, चांगलं ऐकू आलं. पण हट्टाला पेटलेला हात कुठला थांबतोय! प्लेट सपाट झाली, फुली पडली, आणि मावशीने ती ऐटीत चाचणीला पाठवून दिली.

जेवणाच्या सुट्टीत सून टेबलाशी आली. "ती वाकडी प्लेट कुठंय?"

"सरळ केली. गेली चाचणीला."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, चाचणीला आज हे आहेत."

मावशीचा एकुलता एक मुलगा! टाकीवर झाकण आवळून आत हवा भरायची आणि झाकण कुठे फुसफुसतंय का ते कान देऊन ऐकायचं, हेच त्याचं काम.

दोघी धावत सुटल्या. मावशीच्या हातात हातोडा तसाच. चाचणीच्या खोलीचं दार आतून बंद, वर लाल दिवा. तिने दारावर दणादण हातोडा हाणला, पण आत हवेच्या मशीनची घरघर; त्याला कुठलं ऐकू जातंय! दारातल्या काचेतून तो दिसत होता. दाबाचा काटा चढत होता आणि तो झाकणाकडे वाकत होता.

"मशीन बंद कर!" मावशी ओरडली. सून दाराबाहेरच्या भिंतीवरच्या स्विचकडे झेपावली. मावशीने काचेवर घाव घातला. काच खळ्ळकन फुटली.

"लांब हो! अरे, लांब हो तिथून!"

तो दचकून मागे सरला. तेवढ्यात झाकण टम्म फुगलं आणि कडेने हवेचा फवारा सणसणत सुटला, त्याचा कान होता तिथूनच. त्याने हात लांबवून हवा सोडायचा कॉक उघडला. काटा सावकाश खाली आला, तोवर तिघांपैकी कुणी हललंसुद्धा नाही.

सुनेने ती प्लेट कापली. तांब्याच्या भागात पावासारखी जाळी पडली होती.

"कुणी पाठवली ही?" मुलाने विचारलं.

"मी," मावशी म्हणाली. "हिने नको म्हणून सांगितलं होतं, तरी मीच ठोकली. आवाजसुद्धा बद्द येत होता. पण तू रे? एवढा कशाला जवळ जातोस? काही जिवाची काळजी?"

"एरवी नाही जात गं. लांबूनच ऐकतो." त्याने कापलेल्या प्लेटकडे पाहिलं. "पण कोपऱ्यात तुझी फुली होती ना."

मावशी तिथेच खाली बसली. सूनही तिच्या शेजारी बसली आणि तिने सासूच्या हातातला हातोडा हळूच काढून घेतला.