बाबांचा वर्षाचा एक पेग

बाबांना डॉक्टरांनी वर्षातून एकच पेग मंजूर केला आहे, तोही वाढदिवसाला. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस ते त्या पेगची वाट पाहतात. मागच्या वर्षी भावाने आणलेली महागडी व्हिस्की त्यांनी काढा घेतल्यासारखी संपवली आणि "ठीक आहे," एवढंच म्हणाले. अख्खं वर्ष वाया गेलं. म्हणून यंदाची निवड आम्ही बायका करणार, असं मी जाहीर केलं. आम्ही म्हणजे मी, ताई आणि वहिनी. तिघींपैकी एकीनेही आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नव्हता, ही किरकोळ अडचण मला तेव्हा दिसली नाही.

माझ्या मुलाने विमानतळावरून व्हिस्कीच्या पाच चिमुकल्या बाटल्या आणल्या होत्या: अमेरिका, जपान, आयर्लंड, आपला भारत आणि स्कॉटलंड. वाढदिवसाच्या सकाळी भाऊ वाडीच्या गोदामात कामाला गेल्यावर आम्ही वहिनीच्या स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आता चव कशी घ्यायची? पेल्यातून घेतली तर ते पिणंच झालं. पण भाजीचं मीठ पाहतो तसं तळहातावर घेऊन चाटलं, तर ते काम. यावर तिघींचं लगेच एकमत झालं.

अमेरिका जिभेवर पडताच ताईने टेबलावर हात आपटला. "माय वं! हे तर फर्निचरचं पॉलिश आहे!"

जपानची मला आवडली, आयर्लंडची ताईला. वहिनी मात्र दर वेळी नाक मुरडत होती. "याच्यात लसूण आहे. याच्यातबी लसूणच." भारतातही तिला लसूण लागला, तेव्हा मी तिचा हात ओढून हुंगला. बाईने संध्याकाळच्या जेवणासाठी नुकताच पावशेर लसूण सोलला होता.

"सगळं रद्द," ताईने निकाल दिला. "तू हात धुवून ये वं वहिनी. मंग पहिल्यापासून!"

दुसरी फेरी फारच सढळ हाताने झाली. थेंबाचा चमचा कधी झाला ते कळलं नाही. वहिनी ओट्यावर चढून बसली आणि पाय हलवू लागली. ताईने जपानच्या बाटलीला वाकून नमस्कार केला. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि का हसतोय हे कुणालाच सांगता येईना.

स्कॉटलंड शेवटी आली. वहिनी धुतलेला तळहात चाटून पाय हलवायची थांबली. "पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याचा वास येऊन राहिला," ती म्हणाली.

खरंच येत होता. बाबांचं गाव कापसाचं. कापूस वेचून झाला की वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यात वांगी भाजायची आणि भरीत करायचं. नागपुरात आल्यापासून ते गॅसवरच्या भरिताला भरीत मानत नाहीत. हीच! आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो. मग खात्री करून घेतली, आणि त्या खात्रीचीही दोनदा खात्री केली.

संध्याकाळी बाबांनी बाटली उजेडात धरली. "हे अर्धी काहून आहे?"

"गळली असंन," वहिनी म्हणाली. मला खुदकन हसू फुटलं आणि सगळं उघडं पडलं.

बाबांनी पेल्यात ओतली, एक घोट घेतला, डोळे मिटले. "पऱ्हाटी," ते म्हणाले. मी आनंदाने टाळीच वाजवली.

मग त्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही कशी चाखली वं?"

वहिनीने तळहात दाखवला.

"करा मंग पुढं हात."

बाबा जन्मभर आतल्या खोलीत दार लोटून प्यायले. आई शेंगदाणे भाजून दाराशी ठेवून यायची. त्याच बाबांनी आमच्या तिघींच्या हातांवर थोडी थोडी ओतली. पेल्यात घोटभर उरली. त्याकडे पाहत ते म्हणाले, "तुमच्या आईले मी कधी विचारलंच नाही."

आईला जाऊन चार वर्षं झाली.

वहिनीने आपला दुसरा हात पुढे केला. "हा आईचा," ती म्हणाली.

बाबांनी पेल्यातली उरलेली सगळी त्या हातावर ओतली.