पुलावरचा नमस्कार

वेगाच्या दंडाच्या नोटिशीतल्या फोटोत, चालकाशेजारी बसलेली म्हणून, माझ्या बायकोचा चेहरा काळ्या चौकोनाने झाकलाय, जोडलेले हात तेवढे दिसतात. नदी दिसली की ती हात जोडते; परदेशात लेकीच्या गाडीतून पूल ओलांडतानाही तिने जोडले. त्याच पुलावर लेकीने गाडी जोरात काढली, म्हणून तिच्या घरी ही नोटीस आली, तीही नदीपलीकडच्या देशातून.

"त्यांना तुझं घर कसं सापडलं?" मी लेकीला विचारलं.

"बाबा, गाड्यांची, लायसन्सची माहिती हे देश एकमेकांना देतात."

म्हणजे दोन देश शेजारणींसारखे आमच्याबद्दल बोलले, आणि मला मात्र सरहद्द कधी आली तेही कळलं नव्हतं.

"मग माझा नमस्कार कुठल्या देशात धरायचा?" बायकोने विचारलं.

मी फोटो पुन्हा नीट पाहिला. त्यात नदी कुठेच नव्हती.