जनगणनेतलं शहर आणि माझं हळदीकुंकू

नवऱ्याला स्कॉटलंडच्या पार उत्तरेकडच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली, तेव्हा मी साफ सांगितलं की खेड्यात मी राहणार नाही. पुण्यात वाढलेली मी, इंग्लंडमधलं आमचं लीड्स शहर सोडणंही जिवावर आलं होतं. नवरा डॉक्टर, पुराव्याशिवाय बोलत नाही. त्याने लॅपटॉपवर जनगणनेचा नकाशा उघडला. घरांची दाटी बघून वस्तीभोवती रेघ मारतात म्हणे, आणि रेघेच्या आत पुरेशी माणसं भरली की झालं शहर. "अगं, सेन्ससप्रमाणे ते प्रॉपर टाउन आहे. रिमोट आहे, पण टाउन!"

टाउन कसलं डोंबलाचं! येऊन बघते तर एक हमरस्ता, एक सुपरमार्केट आणि आमच्या घरामागे मेंढ्या. मी रोज धुसफुसत होते. शेवटी त्याला सांगून टाकलं, संक्रांतीचं हळदीकुंकू करते. बायका जमल्या तर राहू, नाहीतर परत लीड्स. माझ्या लेखी शहराची व्याख्या एवढीच.

हॉस्पिटलातल्या नर्सेस, लायब्ररीतली बाई, शेजारच्या आजी, सगळ्यांना पाच ते आठ बोलावलं. आपल्याकडे याचा अर्थ, कधीही डोकवा, कुंकू लावून घ्या, वाण उचला आणि पुढच्या घरी पळा. इथे सगळ्या पाचच्या ठोक्याला दारात, हातात केक, आणि नंतर कोणी हलेचना. खुर्च्या संपल्या, कप संपले. आजी उठून स्वतःच्या घरचे कप घेऊन आल्या. तिळगूळ मात्र सगळ्यांनी मागून मागून खाल्ला.

आजींचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. पुण्यात एखाद्या काकूने माझा हात हळूच मागे ओढला असता. इथे आजींनीच सगळ्यांच्या आधी कपाळ पुढे केलं. मी ठसठशीत कुंकू लावलं, आणि मला फार बरं वाटलं.

आठला सगळ्या एकदम उठल्या. आजी तेवढ्या कप धुवायला मागे राहिल्या. मी परत जायचं म्हणतेय ही बातमी नवऱ्याने हॉस्पिटलभर केलेली आणि ती आजींपर्यंत पोचलेली दिसत होती, कारण माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "इथे तरुण माणसं येतात आणि जातात. आम्ही त्यांना मोजायचं सोडून दिलंय."

मी फडकं घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. म्हटलं, "आम्हा दोघांना मोजा."