दोन दिवस आधी

चिंचेनं पितळ घासलं की त्या आंबट वासासरशी मला कॉलेजातली ती वादविवाद स्पर्धा आठवते. पूर्व किनाऱ्यावर मोठं चक्रीवादळ होऊन गेलं होतं आणि इकडं आमच्या शहरात दुष्काळ. स्पर्धकांनासुद्धा टँकरचं पाणी अर्धा पेलाच मिळत होतं. इतकी माणसं गेली ती सरकारच्या चुकीनं का, असा विषय होता. चिठ्ठी काढली तर मला सरकारची बाजू आली. मी टेबलावर हात आपटून म्हणाले, “दोन दिवस आधी इशारा दिला होता, गाड्या पाठवल्या होत्या, लोकच हलले नाहीत!” लई टाळ्या पडल्या. बक्षिसाचा पितळी कप मिरवत बाहेर आले, तर कर्ण्यावर माझं भाषण ऐकलेला फाटकावरचा वॉचमन उठून उभा राहिला. तो त्याच किनाऱ्यावरचा, इथल्या नव्या कंपन्यांत काम मिळेल म्हणून आलेला. “मॅडम, दो दिन पहले बोला था, सच्ची?” वादळात गेलेल्या त्याच्या वडिलांनी त्याआधी त्याला गावाहून फोन करून विचारलं होतं, निघू का म्हणून. “मैंने बोला, हर साल ऐसाच बोलते, घर छोडके मत जाओ.” खरं तर ते दोन दिवस मी बोलण्याच्या भरात ठोकून दिले होते. तेवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण कानात टाळ्या होत्या. “हां, दो दिन पहले,” मी म्हणाले. त्यानं मान हलवली आणि माझ्यासाठी फाटक उघडलं. तो इशारा खरा कधी दिला होता, हे शोधायचा धीर मला अजून झालेला नाही.