मुलाणी सर आणि शिंगाळ्याचा आवाज

मुबीन मुलाणी सरांना इंग्रजी शिकवायला लागून अठरा वर्षं झाली होती. राहायला इंदापुरात आणि शाळा पळसदेवच्या अलीकडे, हमरस्ता सोडून थोडी आत. सर चांगलं शिकवतात असं गावात सगळेच म्हणत, कारण दहावीला त्यांच्या विषयात सहसा कोणी नापास होत नसे. त्यांची पद्धत ठरलेली होती. धडा वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा आणि उत्तरं फळ्यावर लिहून द्यायची. पोरांनी ती उतरवून घेऊन पाठ करायची. स्वतःच्या मनातलं एकही वाक्य सरांनी आजवर इंग्रजीत लिहिलेलं नव्हतं. ही गोष्ट त्यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हती.

दिवाळीनंतर बारामतीला शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथल्या बाईंनी सांगितलं, रोज तासाच्या सुरुवातीला फळ्यावर एक प्रश्न लिहा, मुलांना पाच ओळी लिहू द्या. शब्द अडला तर मराठी घालू द्या, पण चुका काढू नका. चुका काढायच्या नाहीत तर मग मास्तराने करायचं काय, असं सरांच्या मनात आलं. पण मुख्याध्यापकांना उपक्रमाचा फोटो वर पाठवायचा होता, म्हणून त्यांनी नववीच्या वर्गात ‘माझा आवडता सण’ लिहायला दिला. छत्तीस वह्यांत एकच दिवाळी आली, तीही गाइडातली. फोटो गेला. सरांच्या दृष्टीने विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी ते पुस्तक उघडणार, तोच पहिल्या बाकावरची वैष्णवी म्हणाली, “सर, आजचा प्रश्न?”

सरांची काहीच तयारी नव्हती. त्यांनी खडू उचलला आणि सुचलं ते इंग्रजीत लिहिलं : आज सकाळी डोळे उघडायच्या आधी तुम्ही काय ऐकलंत?

मुलं एकमेकांकडे बघू लागली. याचं उत्तर कुठल्याच गाइडात नव्हतं. मग कोणीतरी टोपण उघडलं आणि हळूहळू सगळ्या माना खाली गेल्या.

संध्याकाळी घरी चहा पिता पिता सर वह्या चाळायला बसले आणि चहा तसाच निवून गेला. सिद्धू नावाच्या मुलाने मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की पहाटे लाइट गेली, विहिरीवरची मोटर थांबली आणि त्या शांततेने मला जाग आली. मोटर चालू होती हे मला ती थांबल्यावर कळलं. एकीने लिहिलं होतं की आईच्या बांगड्यांवरून मला कळतं, पीठ मळणं चाललंय की भाकरी थापणं. एकाला दाव्याच्या साखळीवरून म्हैस उठलेली कळत होती. अठरा वर्षं सर याच गावांतून मोटरसायकलवर जात-येत होते. यातलं काहीसुद्धा त्यांच्या कानावर आलेलं नव्हतं.

सगळ्यांत खाली रेश्माची वही होती. शेवटच्या बाकावर बसणारी, उभं केलं तरी न बोलणारी ही मुलगी. तिचे आईवडील धरणाच्या पाण्यात मासेमारी करतात, एवढंच सरांना माहीत होतं. तिने लिहिलं होतं : ‘आय स्लीप इन होडी. अंडर माय इअर फिश टॉक. कर्र, कर्र. मदर ऑल्सो लिसन. शी पुट इअर ऑन वल्हं अँड टेल फादर, हिअर थ्रो जाळं.’

सरांनी ते तीनदा वाचलं आणि समासात लिहिलं, ‘हे खरं आहे की कल्पना?’

दुसऱ्या दिवशी वही परत आली. त्यांच्या प्रश्नाखाली ठळक अक्षरांत चारच शब्द होते : ‘कम अँड हिअर, सर.’

सरांना आधी हसू आलं आणि मग ओशाळल्यासारखं झालं. रविवारी अजून नीट फटफटलंही नव्हतं, तेव्हा ते पाण्याच्या काठावर जाऊन उभे राहिले. रेश्माचे वडील जाळी उलगडत होते. आई, सरुबाई, पदर खोचून होडीतलं पाणी डब्याने उपसत होती.

“लेकीनं काय काय लिवलंय तुमाला,” ती लाजून म्हणाली. “आमचं काय लिवण्यासारखं हाय, सर?”

“तेच बघायला आलोय, ताई,” सर म्हणाले आणि दोन्ही हातांनी काठ धरून होडीत बसले. त्यांना पोहता येत नव्हतं.

रेश्मा होडीच्या टोकाला जाऊन बसली आणि सरुबाईने होडी लांबवर नेली. पाणी काचेसारखं निश्चल होतं. एके ठिकाणी तिने वल्हवायचं थांबवलं, वल्हं सरळ पाण्यात उभं धरलं आणि दांड्याला कान लावला. थोडा वेळ ती तशीच राहिली. मग तिने सरांना खुणेनेच पुढे बोलावलं.

सरांनी ओल्या लाकडाला कान लावला.

“काय ऐकू येत नाही.”

“तुमी तुमचाच श्वास ऐकताय. जरा धरून ठेवा त्याला.”

सरांनी श्वास रोखला. आधी नुसतं घुमल्यासारखं काहीतरी. मग अगदी खोलातून, पण कानाच्या पडद्याला लागून, आवाज आला. कर्र. थांबून पुन्हा, कर्र कर्र. कोरडं पडलेलं बिजागर कोणी हलक्या हाताने फिरवावं तसा. दुसऱ्या बाजूने त्याला दुसरा आवाज उत्तर देत होता.

“शिंगाळा मासा हाय,” सरुबाई हळूच म्हणाली. “कल्ल्यामागचा काटा घासतोय. आमच्या सासूनं शिकीवलं मला. तिला कुणी शिकीवलं ठावं न्हाय.”

“इथंच का असतात ते?”

“हितं खाली जुनं गाव हाय नव्हं का. धरणात गेलं ते. आमच्या सासऱ्याचं घर हितंच हुतं म्हणत्यात. भिताडं हायेत अजून, त्येच्या फटीत ऱ्हातोय शिंगाळा.”

सरांनी होडीच्या काठावरून खाली पाहिलं. हिरवट पाण्याखेरीज काही दिसत नव्हतं. त्यांनी परत कान लावला. एका माणसाच्या घराच्या भिंतींत मासे बोलत होते, त्याच माणसाची सून वरून ते ऐकत होती आणि तिच्या मुलीने ते आपल्या वर्गात इंग्रजीत लिहिलं होतं. ‘खरं की कल्पना’ असं आपण विचारलं, हे आठवून त्यांना मान वर करवेना. रेश्मा टोकावरून त्यांच्याकडे बघत होती.

घरी येऊन सरांनी एक कोरी वही काढली आणि इंग्रजीत पाच ओळी लिहायला बसले. दुपार झाली. त्या आवाजाला इंग्रजी शब्द सापडेना. शेवटी त्यांनी ‘कर्र’ असंच लिहिलं. सोमवारी वर्गात उभं राहून त्यांनी स्वतःच्या ओळी वाचून दाखवल्या. एका ठिकाणी क्रियापद चुकलं. वैष्णवीच्या ते लक्षात आलं, पण चुका काढायच्या नाहीत म्हणून ती ओठ दाबून बसली.

त्यानंतर रोज फळ्यावर प्रश्न येऊ लागला. कधी सर लिहीत, कधी मुलं सुचवत. सरही मुलांबरोबर पाच मिनिटं लिहीत.

माघात सरांनी एक धडा शिकवायला घेतला. बेटावरच्या दीपगृहाचा म्हातारा रखवालदार वादळातही आपल्या खोलीचं दार उघडं ठेवतो, अशी ती गोष्ट. सरांनी सवयीने प्रश्न विचारला, “म्हाताऱ्याने दार उघडं का ठेवलं?” दरवर्षीचं उत्तर त्यांना पाठ होतं : कारण तो दयाळू होता, बुडणाऱ्याला आसरा मिळावा म्हणून.

शेवटच्या बाकावरून रेश्मा उभी राहिली. सगळ्या वर्गाने माना वळवल्या.

“सर, दार लावलं तर त्याला समुद्र ऐकू येणार न्हाय,” ती म्हणाली. “किती पाणी चढलंय ते कानालाच कळतं. दिव्याला न्हाय कळत.”

सरांनी पुस्तकाकडे पाहिलं. तोच धडा, तीच पानं, समासात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं जुनं उत्तर. इतकी वर्षं म्हाताऱ्याच्या दारात उभं राहूनही ते आत गेले नव्हते. त्यांनी रेश्माला वाक्य इंग्रजीत करायला मदत केली. दोन शब्द तिचे, दोन त्यांचे, असं करत ते फळ्यावर उतरलं.

“सर,” सिद्धूने हात वर केला, “परीक्षेत हे लिहिलं तर मार्क मिळतील का?”

“मला माहीत नाही,” सर म्हणाले. वर्गात हे वाक्य त्यांनी आजवर कधी उच्चारलं नव्हतं. “पण लिहा. मी तपासणार असेन तर पूर्ण देईन.”

मग त्यांनी पान उलटलं आणि पुढचा परिच्छेद मुलांबरोबर, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा, सावकाश वाचायला सुरुवात केली.